हिमांशूचा तीन वर्षांचा अनुभव

हो. हो जी, केलं त्याने काम इथे. हिमांशु देवचंद पटले, बरोबर, हाच फोटो — केस तेव्हा असे कापलेले नव्हते, पण हाच. माझा धाकटा भाऊ. तीन वर्षं, हो, तुमच्याकडे तीनच लिहिलंय ना? मग तीन. अनुभवाच्या सर्टिफिकेटवर सही योगराज मामांची आहे, दुकान त्यांचंच, शिक्का पण ह्याच दुकानाचा, बाहेर बोर्ड बघितला असेल तुम्ही येताना, कॅमेरा-कॉम्प्युटर-नेटवर्किंग, कुडवा — अग बाई! — नाही नाही, काही नाही, शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आहे, तो असाच अचानक सुरू होतो, रोज ऐकते तरी रोज दचकते मी. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. मामा तिरोड्याकडे गेलेत, एका मिलमध्ये. ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं सगळं. मला सकाळीच म्हणून गेले, नागपूरहून कोणी हिमांशूच्या नव्या नोकरीच्या चौकशीले आलं त हो म्हणजो, पाणी देजो आन् चूप बसजो. हे घ्या पाणी. हो पण म्हटलं. झालं ना मग?

अजून आहे? कामाचं स्वरूप — हां, ते तर लागणारच. लिहा. राईस मिलमध्ये कॅमेरे बसवणे, त्यांचं नेटवर्क जोडणे, काट्याचा कॉम्प्युटर — म्हणजे धर्मकाटा, जिथे धानाच्या गाड्या मोजतात, तिथला कॉम्प्युटर बिघडला तर तो बघणे. आमच्या गोंदियात दुसरं आहे काय हो, मिलच मिल, धान आत जातो, तांदूळ बाहेर निघतो, आणि मधल्या प्रत्येक खांबावर मालकाला कॅमेरा पाहिजे, कारण मालकाचा मुनीमवर भरोसा नाही आणि मुनीमचा हमालांवर. तर तेच काम. व्यवस्थित करायचा? हो, एकदम व्यवस्थित. कधी तक्रार आली नाही. ते मुनीम लोक उलट त्याची मजा घ्यायचे, प्रेमाने हं, हिमांशु शिडीवर चढला की खालून ओरडायचे, क्यों बे, फिर कान में लगा लिया, किससे बात करता है इतना, लगन तय हो गया क्या तेरा? आणि हा वरून, हाँ काका, दहेज में तुम्हारी मिल माँगी है. असा आहे तो. कोणाशीही जमतं त्याचं. माझं नाही जमत. मी तर फोन वाजला तरी आधी बघत बसते की कोणाचा आहे, आणि तोवर बंद होऊन जातो.

एक उदाहरण सांगू का? म्हणजे तुम्हाला लिहायला बरं पडेल, नुसतं ‘काम चांगले’ लिहिलं तर कंपनीला काय कळणार. मागच्या सीझनला, दिवाळीनंतर, धान येऊन राहिला होता धडाधड, बालाघाट रोडवरच्या एका मिलमध्ये काट्याचं वजन कॉम्प्युटरवर येणंच बंद झालं. काट्यावर आकडा दिसतो, कॉम्प्युटरवर शून्य. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर लोक शिव्या देऊन राहिले, मालक मामांना फोनवर फोन. काट्याच्या कंपनीचा माणूस येणार म्हणे दुसऱ्या दिवशी. हिमांशु गेला. वायर बदलली, नाही झालं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नाही झालं. मग मी म्हटलं, थांब, काही उपटू नको, आधी मला टेबल दाखव, टेबलाखालून दाखव, मागून — आणि तिथे मुनीमचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. बस. मला समजलं. मी म्हटलं, विचार त्याला, काट्याची वायर काढून तिथे मोबाईल लावला का? आणि मग ती वायर दुसऱ्या खाचेत खुपसली का? तो मुनीम, चंद्रकुमार नाव त्याचं, तो म्हणे, तो क्या हुआ, छेद तो एक जैसेच हैं. छेद एकसारखेच असतात हो, पण कॉम्प्युटर प्रत्येक छेदाला वेगळा नंबर देतो, आणि काटा जुन्याच नंबरवर ओरडून राहिला होता, ऐकणारं कोणी नाही. हिमांशूने वायर पुन्हा जुन्या खाचेत लावली, आलं वजन. मालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांत असं किती वेळा —

नाही. मी नव्हते तिथे. मी इथे होते. ह्याच खुर्चीवर. म्हणजे — बघितलं म्हणजे फोनवर बघितलं. व्हिडिओ कॉल. असंच, भाऊ आहे ना, भाऊ-बहीण फोनवर बोलतातच. तुम्ही असं का बघून राहिले? त्यात काय आहे? डॉक्टर लोक नाही का एकमेकांना विचारत? वायर कोणी लावली, त्याने. शिडीवर कोण चढलं, तो. धुळीत, उंदरांत, भुश्याच्या ढिगावरून वायर कोणी ओढली? मला तर भुश्यानं शिंका सुरू होतात. मी फक्त — मी इथे बसून सांगायची. कधी कधी. अडलं की. म्हणजे बहुतेक वेळा अडायचंच, पण त्याचा काय दोष, तो पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षी राहिला, विषय निघाले नाहीत त्याचे, आणि मामांना दुकानात माणूस पाहिजे होता जो मिलमध्ये जाऊ शकेल. आणि मिलमध्ये पोरगी पाठवायची पद्धत नाही इकडे. कोणी मना करत नाही हो, तसं तोंडावर कोणीच करत नाही. फक्त मालक म्हणतात, अच्छा अच्छा, बेटी है, बढ़िया, लड़के को भेज दो.

मी गेले होते, एकदा. सुरुवातीला, मामांसोबत. मलाच हौस होती. उसना तांदूळ करतात ती मिल होती, वाफेवरची, आणि कॅमेरा लावायचा होता टाकीच्या वरच्या खांबावर. मी चढले. अर्धी शिडी चढले असेन नसेन, आणि बाजूने वाफ सुटली, एकदम, साप फुसकारल्यासारखी — ती रोजच सुटते, तिथल्या बायांनी मान पण वळवली नाही — आणि माझ्या हातातून पक्कड सुटली, खाली एक बाई पोती शिवत होती, तिच्या बाजूलाच पडली. लागली नाही. कोणी रागावलं पण नाही. सगळे हसले. मॅडम को उतारो भई, मॅडम को उतारो. दुसऱ्या दिवसापासून हिमांशु जायला लागला, कानात इअरफोन घालून, आणि मी इथे. आम्ही ठरवून केलं नाही हे. असंच होत गेलं. त्याचे हात आणि माझं — जाऊ द्या, तुम्ही लिहा, काम समाधानकारक.

माझं शिक्षण? ते कशाला पाहिजे तुम्हाला, चौकशी तर त्याची आहे. बी.एस्सी., कॉम्प्युटर सायन्स, इथलंच कॉलेज. आणि नंतर नेटवर्किंगची परीक्षा दिली, ती मोठी, नेटवर्कचं सामान बनवणाऱ्या कंपनीची, नागपूरला जाऊन द्यावी लागते, खिशातला रुमाल पण बाहेर ठेवायला लावतात. पहिल्याच वेळी पास झाले. मग दुसरी दिली, सिक्युरिटीची. मग ऑनलाइन छोट्या छोट्या किती तरी, त्याला काही अर्थ नाही. आई विचारायची, आता हे कायले, आता आणखी कायले? मी म्हणायची, आई, हे झालं की नोकरी लागते. प्रत्येक वेळी हेच म्हणायची. आता ती विचारत नाही. त्या ड्रॉवरमध्ये आहेत सगळे, कॅमेऱ्यांच्या वॉरंटी कार्डांच्या खाली. दाखवू? नको, राहू द्या, तुमचा वेळ — खरंच बघायचे आहेत? कोणीच नाही म्हणत असं. हे बघा. हे पहिलं. ह्याच्यावर नंबर आहे, तो टाकला की त्यांच्या साईटवर माझं नाव येतं, खोटं नाही, तुम्ही तपासू शकता, तुमचं तर कामच ते आहे. रेणू देवचंद पटले. बघा, आलं ना?

त्याच कंपनीत, हो. तुम्हाला माहीतच असेल, तुमच्याकडे अर्ज असतील — नसतात का? मी पण भरला होता. एकाच दिवशी भरले आम्ही दोघांनी, ह्याच कॉम्प्युटरवर, त्याचा पण मीच भरला. माझी मुलाखत आधी झाली. फोनच्या स्क्रीनवर, तीन माणसं होती. जे विचारलं ते सांगितलं मी, खरंच, एक पण चुकलं नाही, त्यातला एक तर म्हणाला, व्हेरी गुड, व्हेरी गुड. मग शेवटी एकाने विचारलं, साईटवर स्वतः किती काम केलंय? मी म्हटलं, फोनवरून. ते म्हणाले, म्हणजे कॉल सेंटर? मी म्हटलं, नाही, म्हणजे भाऊ जातो आणि मी — आणि ते हसले. वाईट नाही हसले. तसंच, मिलमधल्यासारखं. मॅडम, थिअरी आपकी अच्छी है, पर हमको फील्ड का आदमी चाहिए. आणि मग विचारलं त्यांनी, गोदामात धूळ असते, नेटवर्कचा स्विच किती दिवसांनी उघडून साफ करता तुम्ही? आणि मला सांगता नाही आलं. ते कुठल्याच परीक्षेत नाही हो. हिमांशूला माहीत आहे ते. तो वासावरून सांगतो कोणता अडॅप्टर जळणार आहे. हे खरं आहे, हे लिहा तुम्ही, हे त्याचं स्वतःचं आहे, मी नाही शिकवलं.

आणि दुसऱ्या दिवशी त्याची मुलाखत. इथेच बसला होता, शटर अर्धं ओढून. त्याला विचारलं, अनुभव? तो म्हणाला, तीन वर्षं, राईस मिल, कॅमेरे, काटे, आणि मिलची नावं घ्यायला लागला धडाधड, ती काट्याची गोष्ट सांगितली त्याने, अशी रंगवून सांगितली, चंद्रकुमारच्या आवाजात, ती माणसं पोट धरून हसली. मी समोर उभी होते. स्क्रीनच्या मागे. मला पण हसू आलं, तोंडावर हात ठेवला मी. थिअरीचं विचारलं तेव्हा मी — म्हणजे तेव्हा तो थोडा विचार करायचा आणि मग सांगायचा. बरोबर सांगितलं त्याने सगळं. असो. निवड झाली. आई कामठ्याला जाऊन मामीच्या घरी, काकूच्या घरी, सगळीकडे पेढे वाटून आली. मला वाईट वाटलं का? नाही. काऊन वाटेल? घरात एक तरी लागला ना. मामा म्हणाले, तुम्हा दोघांत एकाले त लागली. आणि मी पण तेच म्हटलं. फक्त त्या दिवशी जेवण गेलं नाही, बस, उन्हामुळे असेल.

तुम्ही पण इंजिनिअर? बाप्पा. इलेक्ट्रॉनिक्स? आणि हे असं गावोगाव गाडीवर फिरून दुसऱ्यांचे अनुभव खरे की खोटे ते — माफ करा, मी तसं नाही म्हटलं. मला वाटलं तुम्ही कंपनीतलेच. म्हणजे तुम्हाला पण त्यांनी फील्डचं विचारलं असेल. हं. आता तर फील्डच फील्ड आहे तुमचं. हसा हो, मी गंमत केली. खरं सांगू का, तुम्ही ते सर्टिफिकेट हातात घेऊन वाचलं ना मघाशी, पूर्ण, खालपर्यंत, तसं कोणी वाचलं नाही आजवर. मामांनी फक्त विचारलं होतं, लॅमिनेशन करायचं का?

तिथे नोकरीवर कसा आहे तो? बरा आहे. रूम केली, दोघं मिळून राहतात, भात-वरण करता येतं त्याला आता. काम पण जमून राहिलं. सुरुवातीला फोन यायचे दिवसभर, जिन्यात जायचा, नाहीतर बाथरूममध्ये, हळू बोलायचा, ताई, नारिंगी लाईट लागून राहिला, ताई, इथे तर दोनशे कॅमेरे आहेत, ताई, हा साहेब इंग्रजीत काय म्हणाला बघ, फोटो पाठवतो. आता कमी झाले, खरंच कमी झाले. सकाळचा एक, आणि जेवणाच्या सुट्टीत. कधी कधी संध्याकाळी. मागच्या आठवड्यात तिथे पूर्ण गोदामाचं नेटवर्क बंद पडलं होतं, साहेब डोक्यावर उभा, आणि मी इथून एकेक वायर काढायला लावली त्याला, एकेक, कारण कोणीतरी एका वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचच्या डब्यात खुपसली होती, आणि सापडलं आमचं. साहेबाने त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्याने फोन केला मला, म्हणाला, ताई, आज आपल्याला शाबासकी भेटली. आपल्याला म्हणाला. तो वाईट नाही हो. सहा महिने द्या त्याला फक्त, वर्ष द्या, शिकून घेईल तो, मी शिकवून —

काय झालं? लिहायचं थांबले काऊन तुम्ही?

नाही, मी ते तसं नाही — अहो मी असंच बोलत होते. मला बोलायची सवय नाही, दिवसभर कोणी येत नाही, आणि एकदा सुरू झाले की — ते सगळं नका घेऊ. पहिलं घ्या. मी ‘हो’ म्हटलं ना पहिल्यांदा, तेवढंच घ्या. हा लाल ठिपका कशाचा आहे? रेकॉर्डिंग? कधीपासून? आल्यापासून? मला सांगितलं होतं? कधी सांगितलं? तो कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा असेल, मला ऐकूच आलं नसेल, मी दचकले होते ना, तुम्ही बघितलं मी दचकले होते. मग ते काढून टाका. निघत नाही म्हणजे? तुमच्याच मोबाईलमध्ये आहे. सरळ कंपनीकडे जातं? बोलता बोलताच जातं? म्हणजे — गेलं?

थांबा. दोन मिनिटं थांबा हो, उठू नका. तुम्हाला समजत नाही, पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे त्याचं, साखरपुडा. मुलीकडचे म्हणाले, नोकरी पक्की झाल्याचं पत्र दाखवा आणि लग्नाची तारीख घ्या. आईने लुगडं आणून ठेवलं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं. तुम्ही कंपनीला सांगा ना, बहीण घाबरट आहे, वेडसर आहे, काहीपण बोलते. सांगा तसं. मी लिहून देते, मी वेडसर आहे. किंवा मग — ऐका ना — मग त्यांना खरंच सांगा. पूर्ण सांगा. की काम होत होतं, एक पण काम अडलं नाही, फक्त करणारे दोघं होते. मग ते म्हणतील ना, अच्छा, मग तिला पण बोलवा. असं नाही का म्हणणार? सर्टिफिकेट तर तुम्ही तपासलं आत्ता. नंबर टाकून. नाव आलं. मला नको जास्त काही, मी कोपऱ्यात बसेन, तो चढेल, मी —

नाही. बरं.

नाही, बरोबर आहे तुमचं, कशाला घेतील. खोटं बोलणाऱ्याच्या घरातली. असंच विचारलं मी.

आणि मला? मला काही होणार का, माझ्या नावावर काही? तेवढं नाही म्हणता, मग ठीक आहे. त्याला ते फोन करतील का पत्र देतील? आज? आज तर त्याची दुपारची शिफ्ट आहे. कामावर असताना नका सांगायला लावू, लोकांसमोर. ते तुमच्या हातात नाही. हो. तुमच्या हातात काय आहे मग? नाही, रागाने नाही म्हटलं, मला राग येत नाही. मला येतच नाही.

सही? कुठे, बोटानेच? हं. रेणू. आडनाव पण? पटले. असंच वाकडं येतं का बोटाने? चालेल ना? माहिती देणाऱ्याचं नातं — बहीण. पद? पद म्हणजे, इथलं? दुकानातलं? इथे मला काही — मामांनी कधी तसं — मी बसते इथे. बिलं करते, फोन घेते. नाही, पगारपत्रकात नाव नाही. टेक्निशियन? नाही नाही, ते हिमांशूचं होतं, ते नका लिहू, दोन ठिकाणी कसं लिहाल. रिकामं सोडा. रिकामं घेत नाही ते? काहीतरी टाकावंच लागतं?

मग ‘घरची’ लिहा. हो. घरची. घेतलं का त्याने?

घेतलं. बरं, निघा आता. उतारावरून जा, पुढे रस्ता खोदलेला आहे. शटर मी ओढून घेते.